एसी बंद केल्यावर येणारा आवाज

चाचा, चाचींना माती दिली त्याला आज बारा दिवस झाले. तुमच्या कबरीपासून चार पावलांवर जागा मिळाली, बोरीच्या झाडाच्या अलीकडं. तुमचे दोन्ही जावई आले होते, एक नागपूरहून, एक चंद्रपूरहून. मी मागं उभा होतो. सगळ्यांचं झाल्यावर मीही तीन वेळा माती टाकली, आणि तिथून सरळ दुकानात आलो, कारण सकाळपासून एक गाडी उभी होती आणि तिच्या ड्रायव्हरचे दोन फोन येऊन गेले होते. गाडी चालू करायला सांगितली, बोनटपाशी वाकलो, आणि तो आवाज आला. आधी तो कधीमधी यायचा, आता बारा दिवस झाले, तो गेलेला नाही. घरी पंखा लावला की येतो, शेजारणीनं मिक्सर लावला की येतो, आणि सगळं बंद करून पडलं की त्या शांततेच्या खालून कुठून तरी येतो. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. रोज भेटणाऱ्या माणसाला कोण लिहितं. पण आता ज्याला विचारावं, ज्याला सांगावं असं त्या घरात कोणी उरलं नाही, म्हणून लिहितोय.

परवाची गोष्ट सांगतो, म्हणजे माझं काय चाललंय ते तुम्हाला कळेल. आता सगळ्या नव्या ट्रकांना एसीची केबिन येते. तुमच्या वेळी अशी गाडी आली की आजूबाजूचे लोक आत बसून बघायचे. आता बिनएसीची गाडी आली तर नवल. त्यामुळं माझं दुकान निव्वळ तेवढ्यावर चालतं: पुलीची बेरिंगं, पट्टे आणि एसीच्या कॉम्प्रेसरचे क्लच. राजूरकडचा चुना आणि कोळशाच्या खाणीची भुकटी एकत्र येऊन बेरिंगच्या आत शिरते आणि ग्रीसची खडी करून टाकते, हे तुम्हीच दाखवलं होतं. तर परवा एक नवी गाडी आली, नुसता गॅस भरायला. ड्रायव्हरची कसलीच तक्रार नव्हती. मी म्हटलं, एसी बंद करा जरा. त्यानं बंद केला, म्हणजे पुली एकटी बेरिंगवर फिरायला लागली, आणि मला घरघर ऐकू आली. क्लचच्या पुलीचं बेरिंग गेलंय, बदलावं लागेल असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मले तं काही आवाज येऊन नाही राह्यला. माझ्याकडं काम करणारा गृहस्थ, चाळिशीचा आहे, शहाणा आहे, त्यानं पाने आणून दिले. मधला बोल्ट काढला, पुढची प्लेट काढली, लॉक काढून पुली ओढली, बेरिंग दाबून बाहेर काढलं, नवं बसवलं, प्लेट आणि पुलीमधली फट पातळ पट्टी घालून मोजली. दोन तास गेले. गाडी गेल्यावर मी जुनं बेरिंग कापून पाहिलं. आत ग्रीस लोण्यासारखं होतं आणि गोळ्या आरशासारख्या. हे महिन्यातून दोन-तीनदा होतं. वणीत लोक म्हणतात, हा माणूस चांगलं बेरिंगही काढून फेकतो. पैशांसाठी करतो असं म्हणतात. मी म्हणू देतो.

तुमच्याकडं मी आलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला होता आणि तीन वर्षं मी दारव्ह्याला घरी बसून अर्ज भरत होतो. आमच्या घरात आजोबा तहसीलमध्ये, वडील कोर्टात, काका पंचायत समितीत. माणसानं सकाळी दहाला खुर्चीत बसावं आणि सहाला उठावं हाच आमचा धर्म. मी वणीला एका कंपनीत मुलाखतीला आलो होतो. तिथं नाही म्हणाले. परत जायला वेळ होता म्हणून रस्त्यानं चालत निघालो आणि तुमच्या शेडपाशी थांबलो, कारण तुम्ही एक लांब सळई चालू इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं होतं आणि डोळे मिटून उभे होता. आजूबाजूला तीन ट्रकांची इंजिनं सुरू होती. दोन-तीन जागी सळई टेकवल्यावर तुम्ही बोट ठेवून म्हणालात, ही पुली काढा. ती काढली आणि फिरवली तेव्हा खरोखरच खडखडली. मी विचारलं, इतक्या आवाजात हिचा आवाज कसा कळला. तुम्ही माझ्या बुटांकडं पाहिलं, माझ्या फायलीकडं पाहिलं आणि म्हणालात, शिकाचं हाये का नुसतं विचाराचं हाये. मी दुसऱ्या दिवशी परत आलो. वडिलांना सांगितलं की एका इंजिनियरिंग वर्क्समध्ये लागलो. खोटं नव्हतं, तुमच्या शेडवर तेच लिहिलं होतं.

तुम्ही एकदाच रागावलात. मला लागून चार महिने झाले होते. मी एका पुलीत बेरिंग ठोकून बसवलं, आतल्या कडीवर पाना ठेवून, कारण त्याच मापाचा पाना तेवढा हाताशी होता. तुम्ही मागं उभे राहून पाहत होता. बेरिंग बसल्यावर ते काढायला लावलंत, नवंकोरं बेरिंग, आणि कापायला लावलंत. आतल्या पट्टीवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले होते, एका ओळीत. तुम्ही माझं बोट धरून त्यांच्यावरून फिरवलंत. "जी कडी बसवाची हाये, जोर तिच्यावरच द्याचा," तुम्ही म्हणालात. "दुसरीवर दिला तं आतल्या गोळ्याइले मार लागते. वरून काहीच दिसत नाही. पंधरा रोजानं ओरडते, आन् तवा गाडी रस्त्यावर राह्यते." मग त्या दिवशी माझ्याशी बोलला नाहीत. संध्याकाळी मात्र घरी जेवायला घेऊन गेलात.

तेव्हापासून दुपारचं जेवण तुमच्याकडंच झालं. चाची चुलीसमोर बसायच्या, गॅस होता तरी भाकरी चुलीवरच, आणि आपण दोघं उंबऱ्याच्या अलीकडं. चाची मोठ्यानं बोलायच्या. तुम्हाला भाजी वाढताना त्या वाटीवर पळी दोनदा आपटायच्या. मला वाटायचं, बाईंची सवय असेल. एकदा तुम्ही जेवून बाहेर बाजेवर जाऊन पडलात आणि मी पाणी पीत थांबलो होतो, तेव्हा त्यांनी आवाज खाली घेतला. पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. म्हणाल्या, "त्याहिले आता कमी ऐकू येते. उजव्या कानानं तं काहीच नाही, डाव्यानंही अर्धंच." मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू, यवतमाळला चांगला आहे. त्या म्हणाल्या की ते कबूलच करत नाहीत, कानावरच माझी रोजी आहे म्हणतात. मग माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकत म्हणाल्या, "तू जवळ आहेस म्हणून मले फिकर नाही. तू ऐकत जाय. त्याहिले समजू देजो नको." मी हो म्हटलं. त्यात मला मोठेपणा वाटला, चाचा. उस्तादचं गुपित आपल्याकडं आहे, आपण त्यांचा कान आहोत. तुम्ही सळई लावली की मी सहज जवळ जायचो, ऐकायचो, आणि तुमचं चुकतंय असं वाटलं तर म्हणायचो, चाचा, एकदा ही पण बघा ना. तुम्ही परत सळई लावायचात, माझ्या तोंडाकडं पाहायचात आणि म्हणायचात, हौ, हीच हाये. असं वर्षभर चाललं आणि कुठं काही अडलं नाही.

मग तो शनिवार. मे महिना होता, पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. चारच्या सुमाराला तो टिपर आला. आमच्या भागात तेव्हा एसीच्या गाड्या मोजक्या होत्या आणि त्यातली एक ही. ड्रायव्हर दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा, तिशीचा, नेहमी हसतमुख. मी दारव्ह्याचा म्हणून मला गाववाले म्हणायचा. तो खाली उतरला आणि म्हणाला की एसी बंद केला की पुढून घरघर येते, चालू केला की दबते, म्हणून तो एसी बंदच करत नाही, आणि मालकाला वाटतं हा थंडी खाऊन राहिलाय. तुम्ही हसलात. इंजिन चालू ठेवून एसी बंद करायला सांगितला आणि सळई कॉम्प्रेसरला टेकवून डावा कान लावलात. मी शेडच्या खांबापाशी उभा होतो, दहा-बारा फुटांवर. मला तिथूनही ऐकू येत होतं. जात्यात खडा सापडावा तसा आवाज, थांबून थांबून येणारा. क्लचच्या पुलीचं बेरिंग होतं. आत ग्रीस राहिलं नव्हतं. तुम्ही सळई काढलीत, हात पुसलेत आणि म्हणालात, "पट्टा नवा हाये, म्हणून बोलते. जा तू." ड्रायव्हर लगेच गेला नाही. तो माझ्याकडं वळला. "काय गाववाले?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "चाचा सांगून राह्यले ना." तो हसला, चढला आणि गेला. पाचच्या एसटीनं मी यवतमाळला आणि तिथून दारव्ह्याला गेलो. रविवारी घरी काम होतं.

सोमवारी दुपारी परत आलो तर शेड बंद. काय झालं ते अर्धं समोरच्या पानवाल्यानं सांगितलं, अर्धं पुढं कळलं. रविवारी दोनच्या सुमाराला खाणीतून रेल्वेच्या साइडिंगला कोळसा नेताना त्या टिपरच्या क्लचचं बेरिंग जाम झालं. पुली फिरेना तेव्हा पट्टा घासून जळाला आणि तुटला. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर, इंजिन तापलं. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, उतरला आणि पुढची जाळी उघडून आत बघायला लागला. मागून भरलेल्या गाड्या येत होत्या, आणि त्या रस्त्यावर दुपारी धूळ अशी उठते की पुढची गाडी चालली आहे की उभी आहे हे कळत नाही. मागच्या ट्रकनं उभ्या टिपरला धडक दिली. तो स्वतःच्याच गाडीखाली आला. वणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. पोलिसांनी मागच्या ट्रकवर गुन्हा लिहिला. धुळीबद्दल चार लोक बोलले. आपल्या शेडचं नाव कोणी घेतलं नाही. कोणाला ते सुचण्याचं कारणच नव्हतं.

तुम्हाला सुचलं. मंगळवारी सकाळी तुम्ही मला ठाण्याच्या आवारात घेऊन गेलात, टिपर तिथं आणून ठेवला होता. मागचा भाग आत गेला होता, पण पुढची जाळी उघडीच होती आणि कॉम्प्रेसर दिसत होता. तुम्ही पुलीवर हात ठेवून ती फिरवून पाहिली. ती तसूभर हलली नाही. तापून कड निळी पडली होती. तुम्ही खिशातून रुमाल काढून ती पुसलीत, एखाद्या माणसाचं तोंड पुसावं तशी, आणि मग माझ्याकडं वळलात. तुम्ही तुमचा डावा कान माझ्याकडं केला नाही, सरळ तोंडाकडं पाहिलंत. "त्या रोजी तुले काही आवाज आलता का?" मी म्हटलं, "नाही चाचा." तुम्ही विचारलंत, "पट्ट्याचाच होता?" मी म्हटलं, "पट्ट्याचाच." तुम्ही बराच वेळ मान हलवत राहिलात. रुमालाची घडी केलीत आणि तो काळा रुमाल तसाच खिशात ठेवलात. एवढंच झालं. या गोष्टीवर आपण पुन्हा कधी एक शब्द बोललो नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, तांड्यावर जाऊन येऊ. मी टाळायला पाहिलं. दोन एसट्या, मग जीप, तुमच्या वयाला झेपणार नाही असं म्हटलं. तुम्ही ऐकलं नाहीत. दारव्ह्याहून जीपमध्ये आपण मागं बसलो होतो, बाजाराचा दिवस होता, पायाशी कोणाच्या तरी कोंबड्या होत्या. आमच्या घराची गल्ली डाव्या हाताला गेली तेव्हा मी तिकडं पाहिलं नाही. तांड्यावर त्याच्या घरापुढं पाच-सहा माणसं बसली होती. त्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून होती आणि आतल्या बाजूला त्याची आई, हातात जुन्या हस्तिदंती बांगड्या. आपण कोण ते सांगितल्यावर बायको सरळ बसली. "शनिवारी तुमच्याकडंच आलते ना ते?" तिनं विचारलं. "घरी फोन केलता. म्हणे आवाज दाखवून आलो. काय सांगितलं होतं तुम्ही?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, तिला फक्त त्याचा शेवटचा दिवस पुरा करून हवा होता. मला वाटलं, तुम्हाला ऐकू गेलं नसेल. पण गेलं. तुम्ही टोपी नीट केलीत आणि म्हणालात, "मीच सांगितलं होतं बाई, ठीक हाये म्हणून. मीच जा म्हटलं." मी तुमच्या शेजारी बसलो होतो, आपले गुडघे एकमेकांना लागत होते, आणि मी काहीही बोललो नाही. आतून म्हातारी त्यांच्या गोर बोलीत काहीतरी म्हणाली, तीन-चारच शब्द. मराठीत कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सून उठली आणि दोन पेले पाणी घेऊन आली. ते पिताना मी वर पाहिलं तर म्हातारी तुमच्याकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. पाणी संपेपर्यंत ती बघत होती. ते शब्द काय होते हे मला अजून माहीत नाही. अनेकदा वाटलं, कोणाला तरी विचारावं, पण ते नुसते आवाज म्हणून आठवतात. उच्चारायला गेलो की मोडतात.

त्यानंतर मी तुमच्याकडून हललो नाही. नागपूरला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये बोलावणं आलं होतं, मी गेलो नाही. तुम्ही ठीक म्हटलेली प्रत्येक गाडी मी रस्त्यापर्यंत सोडायला जायचो आणि ड्रायव्हरला वळणावर थांबवून परत ऐकायचो. दोनदा मी तिथंच उन्हात उभं राहून पुली बदलली. तुम्हाला कळत नाही असं समजत होतो. एका सकाळी तुम्ही नागपूरहून आलात आणि माझ्या हातात एक डबी दिलीत. आत मेकॅनिकचा स्टेथोस्कोप होता, डॉक्टरसारखाच, पुढं फक्त लांब सुई. म्हणालात, "मोठ्या दवाखान्यात दोन-दोन डाक्टर पाह्यतात. मी सांगन, मंग तू पाहून घेत जाय. सळईनं मी, यानं तू." मी विचारलं, हा कशाला आणला, सळई आहे ना. तुम्ही म्हणालात, जमाना बदलला. तेव्हापासून तसंच चाललं. तुम्ही सळई लावायचात, डोळे मिटायचात, आणि माझी वाट पाहायचात. मी सांगितलं की तेच मोठ्यानं गिऱ्हाइकाला सांगायचात. शेवटपर्यंत लोक म्हणायचे, चाचांचा कान म्हणजे कान. चार वर्षांनी थंडीत तुम्हाला छातीत दुखलं आणि तुम्ही गेलात. चाचींनी शेडची चावी माझ्या हातावर ठेवली. त्याला आता दहा वर्षं झाली. पाटीवर अजून तुमचंच नाव आहे.

गेल्या महिन्यात चाचींनी बोलावलं. त्या बऱ्याच दिवसांपासून अंथरुणावर होत्या. धाकटी मुलगी सेवेला आली होती, तिला त्यांनी दूध आणायला पाठवलं. मग मला जवळ बसवलं आणि माझा हात हातात घेतला. त्यांची बोटं कागदासारखी झाली होती. मी म्हटलं, बोलू नका, दमाल. त्या म्हणाल्या, "एक गोष्ट हाये. त्याहिनं सांगू नको म्हटलं होतं, पण आता मी कोणासाठी ठेवू." मग त्यांनी सांगितलं की त्या मंगळवारी तुम्ही ठाण्यातून घरी आलात तेव्हा जेवला नाहीत. ताट तसंच ठेवून बसलात, आणि म्हणालात की पोराला आवाज आला होता. "म्हणे, त्याच्या तोंडावर दिसलं मले. माही इज्जत राहावी म्हणून खोटं बोलला. जे झालं ते माह्या कानानं झालं. त्याले कधी कळू देजो नको का मले माहीत हाये, नाही तं त्याचा जीव अडकून राहीन." चाचींचे डोळे भरून आले होते. माझा हात थोपटत त्या म्हणाल्या, "कोणाचा पोटचा पोरगा इतकं करत नाही बेटा. कायले असा वाळून चालला तू? त्याहिनं तुले कधीच दुवा दिला आहे." मला वाटलं, आता सांगावं. तोंडही उघडलं. तेवढ्यात मुलगी दूध घेऊन आली, आणि खरं सांगायचं तर ती आली म्हणून मला बरं वाटलं. तीन आठवड्यांनी चाची गेल्या.

म्हणजे तुम्ही चार वर्षं माझ्यासमोर डोळे मिटून उभे राहिलात, मला आवाज आला होता हे माहीत असून. आणि मी तुम्हाला काही माहीत नाही असं समजून तुमच्या पाठीमागं गाड्या थांबवत राहिलो. तांड्यावर तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत ते मला वाचवण्यासाठी, आणि मी भला माणूस आहे असं समजून. चाची त्याच समजुतीत गेल्या. हेच मला सहन होत नाही, चाचा. मी तुमची इज्जत राखली नाही. ठाण्याच्या आवारात मी नाही म्हटलं ते अशासाठी की हो म्हटलं असतं तर तुम्ही पुढचा प्रश्न विचारला असता, मग शनिवारी बोलला काहून नाहीस. त्याचं उत्तर अदब असं असतं तर मी तेही दिलं असतं. वर्षभर तर मी तुम्हाला म्हणतच होतो, चाचा, एकदा ही पण बघा ना. त्या दिवशीही तेवढंच म्हणायचं होतं. तुम्ही परत सळई लावली असती, माझ्याकडं पाहिलं असतं आणि हौ म्हटलं असतं.

हे कागद मी कुठं ठेवणार ते ठरवलं नाही. तुम्हाला मराठी वाचायला पाट्यांपुरतंच यायचं. पोस्टानं काही आलं की मी वाचून दाखवायचो. हेही कधी वाचून दाखवायचं झालं तर मलाच वाचावं लागेल, आणि बोरीच्या झाडापाशी उभं राहून मोठ्यानं वाचण्याइतकी माझी छाती नाही. म्हणून इथंच लिहून ठेवतो. त्या रविवारी सकाळी मला दारव्ह्यात मुलगी पाहायला जायचं होतं. वडिलांनी त्या लोकांना सांगितलं होतं की मुलगा इंजिनियर आहे, ऑफिसात बसतो. दोन दिवस आधी फोनवर ते एवढंच म्हणाले होते, हात नीट करून ये. शनिवारी तीन वाजल्यापासून मी शेडच्या मागं बसून हात धूत होतो, आधी रॉकेलनं, मग लाकडाच्या भुशानं, मग साबणानं, आणि काडीनं एकेक नख कोरून काढत होतो. धुतलेला शर्ट घातला होता. चारला टिपर आला तेव्हा दहाही नखं पांढरी झाली होती. मी तोंड उघडलं असतं तर ती पुली मलाच काढावी लागली असती, दोन तास, आणि पाचची गाडी गेली असती. ती सोयरीक नंतर जमली नाही, ती गोष्ट वेगळी. त्यानं मला विचारलं, काय गाववाले, तेव्हा मी त्याच्याकडंही पाहिलं नव्हतं. मी माझी नखं पाहत होतो.